तांडेल पाहायला आले पाहुणे

वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. मी मासेमारी बोटीवर तांडेल व्हायला, म्हणजे बोटीचा कप्तान व्हायला, कोकणात निघालो तेव्हा ही माहिती गावातल्या प्रत्येकानं मला स्वतंत्रपणे दिली.

आमचा अनसिंगजवळ मळा. वांगी, मेथी, झेंडू. घराण्यात आजवर विहिरीपलीकडचं पाणी कोणी पाहिलेलं नाही. पण प्रशिक्षणात राहणं-जेवण फुकट होतं आणि पुढे काम मिळण्याची खात्री. सुरुवातीला मी बोटीवर फक्त उलट्या केल्या (हे घरी सांगितलं नव्हतं). मग होकायंत्र, वारा, जाळी सगळं जमायला लागलं आणि पहिल्या सुट्टीत मी छाती फुगवूनच घरी आलो.

त्याच सुट्टीत शेलूबाजारच्या वैशालीशी माझं लग्न ठरायचं होतं. मुलगी मला मनापासून आवडली होती. तिलाही मी बरा वाटलो होतो. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी. आमच्याकडे लग्नाआधी मुलीकडचे घर पाहायला येतात, आणि पाहतात म्हणजे अगदी विहिरीत वाकून, गोठ्यात शिरून पाहतात. त्यांनी आधीच फोन केला.

"मळा पाहू, विहीर पाहू. पण पोराचा धंदा कुठी पाहाचा?"

"तो समुद्रात हाये जी," बाबा म्हणाले.

"मंग आमी काय पाहावं? पोरगी द्याची हाये मले!"

मी फोन हिसकावला. "मामाजी, आमच्या गावच्या तलावावर या! बोट चालवून दाखवतो!"

तलावावर मासे धरणाऱ्यांची एक जुनी बोट होती. ते त्या दिवशी मासे घेऊन वाशीमच्या बाजाराला जाणार होते, त्यांनी ती आनंदानं दिली. आमच्या घरात नवा पंप आला तरी त्याला आंघोळ आणि हळदीकुंकू लागतं. ही तर पोराचं लग्न जमवणारी बोट! आई सकाळीच घमेलं आणि घासणी घेऊन तलावावर गेली. मी मागाहून पोचलो तो गॉगल आणि नारिंगी लाइफ जॅकेट घालून (जॅकेट एकच होतं, ते रुबाबासाठी मीच घातलं).

बोट लखलखत होती. तळाच्या एका भोकात टपोरा झेंडू खोचलेला. मला वाटलं, आईची हौस! पाय ठेवण्याआधी तळ तपासायचा, हा आमच्या शिक्षणातला अगदी पहिला धडा. पण समोर वैशाली उभी होती आणि माझं सगळं लक्ष पोट आत ओढून धरण्यात गुंतलं होतं.

मामाजी, वैशाली आणि आई बोटीत बसले. बाबा काठावरून व्हिडिओ काढायला लागले. मी झोकात वल्ही मारली.

"वारा पश्चिमेचा आहे मामाजी. समुद्रात अशा वेळी..."

"गजानन, माह्या पायाले पाणी लागून राह्यलं."

"बोटीत थोडं पाणी राह्यतेच जी!"

"थोडं? चप्पल तरंगून राह्यली बावा माही!"

चपलेच्या शेजारी झेंडूही तरंगत होता.

"माय," मी दबक्या आवाजात विचारलं, "त्या भोकात आधी काय होतं वं?"

"काई नाई रे, मळकी चिंधी कोंबली होती कोणंतरी. पाव्हणे येऊन राह्यले अन् भोकात चिंधी? फेकून देली, फूल लावलं!"

"कोणीही घाबरू नका! जागचे उठू नका!" असं ओरडत मी स्वतः उठून उभा राहिलो. बोट कलंडली आणि आम्ही चौघं धपाधप तलावात!

"हातपाय मारा! वैशाली, मले धर!" मी किंचाळत होतो. तोवर ते तिघं आपापल्या पायांवर उभे राहिले होते. पाणी कमरेपर्यंत होतं. मला मात्र उभं राहता येईना! पाय टेकवायला जावं तर जॅकेट मला वर ढकलून उताणं पाडी, कासवासारखं.

"अबे उभा राह्य ना!" काठावरून बाबा. "कंबरभर तं पाणी हाये!"

"उभं राह्यताच येऊन नाई राह्यलं!"

शेवटी मामाजींनी जॅकेटचा पट्टा धरला आणि शेळी ओढावी तसं मला ओढत काठावर आणून टाकलं. संपलं सगळं, वैशाली गेली, या विचारानं मला खरंच रडू आलं (नखशिखांत ओला होतो, म्हणून कोणाला कळलं नाही).

"बोल पोरी," मामाजी धोतर पिळत म्हणाले. "हा तुले सांभाळीन काय?"

वैशाली ओढणी पिळत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं. "बाबा, एवढ्या मेहनतीनं बाहेर काढला. आता काय परत फेकता?"

मामाजींनी एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तेही हसायला लागले. त्याच ओल्या कपड्यांत माझ्या कपाळाला कुंकू लागलं.

आता मी खराखुरा तांडेल आहे. भर समुद्रात बोट नेतो, खलाशी माझ्या शब्दाबाहेर नाहीत. म्हणजे नव्हते. लग्नानंतर वैशालीला पहिल्यांदा बंदरावर नेलं, सगळ्या खलाशांसमोर बोटीत चढून ऐटीत हात पुढे केला आणि म्हटलं, "ये, चढ."

ती जागची हलली नाही. "आधी तुमी पाण्यात उतरून दाखवा. कंबरभर असीन तरच येतो मी!"

मग खलाशांनी तिच्याकडून सगळी हकिकत खोदून खोदून काढली. तेव्हापासून अख्ख्या बंदरावर मला तांडेल कोणी म्हणत नाही. लांबून हाक येते, "ओ कंबरभर!" आणि मी ओ देतो.