मिस्त्री म्हणला, पिक मी अप

आख्ख्या परभणी जिल्ह्यात चिनी माणसाला इंग्रजी शिकिवलेला मी एकलाच हाय. आता मला इंग्रजी येत न्हाई, ही गोष्ट येगळी.

जिंतूरजवळच्या एका कापसाच्या जिनिंगवर नवी मशीन बसवायला चिनी मिस्त्री आलता. रोज सकाळी त्याला खोलीवरून जिनिंगवर सोडायचं काम माझं, माझ्याच पिकअप गाडीत. त्याला मशीन कळायची, मला रस्ता. बाकी दोघं बी सारखेच अडाणी. तो मोबाईलवर इंग्रजी शिकायचा. एकदा एका शब्दावर बोट ठिवून म्हणला, "पिक अप?"

म्हणलं, हे तर आपल्या घरचंच! गाडीच्या दाराला थाप मारली, "धिस पिकअप." ॲक्सिलेटर दाबला, "पिकअप!" मग फोन उचलून कानाला लावला, "पिक अप." त्यानं वहीत समदं रांगोळीवानी काढून घेतलं. साळंचं तोंड बघितलं न्हाई, आन् मास्तर झालो की हो!

पुढं काम सरलं. तिकडं त्याची माय लय आजारी. तिचा फोटू त्यानं दाखिवलता; पांढऱ्या केसाची, बारकी, आमच्या मायवानीच. परभणीहून तीनची हैदराबादची गाडी धरायची, तिथून विमान. गाडी हुकली तर समदंच हुकलं.

त्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "पिक मी अप!"

"येस सर, पिकअप केलाय की फोन!"

"नो, नो! पिक मी अप! मी!"

मला उचल? पडला का काय हा मशीनवरून? आपल्याकडं माणसाला न्यायला जात्यात. उचलायचं म्हणलं की एक तर लेकरू, न्हाईतर जखमी. चौकातून दोन गडी घेतले, जखमीला निजवायला घरची बाज हौद्यात टाकून दोरीनं बांधली आन् सुटलो. बायको मागून वरडायलीती, "अवो, बाज कुठं चालली?"

जिनिंगच्या फाटकात बघतो तर मिस्त्री टकाटक उभा, हातात बॅग. बाज बघून त्याला काय कळंना. नुसता घड्याळ दाखवायलता, डोळ्यात पाणी. बाज बांधण्यात माझा अर्धा तास गेलता.

मग पळविली गाडी. वाटंत बोरी न्हाई, झरी न्हाई, कुठल्याच गावात थांबलो न्हाई. टेसणात शिरलो तर रेल्वे हलायलीती. दोन्ही गड्यांनी मिस्त्रीला बॅगंसगट उचलला आन् डब्यात ठिवला. दारातून हात हालवत तो वरडला, "पिक मी अप!" आन् हसला.

काही दिसांनी फोनवर फोटू आला, माय-लेकाचा. माय उठून बसलीती. तो फोटू अजून पुसला न्हाई. जिनिंगवरून जाताना अजून बी बाजूच्या शीटाकडं नजर जाती.

त्या दिवशी टेसणावरून मातर घरी आलो ते छाती काढून. बायकोला समदं सांगितलं. म्हणलं, "बघ, आखिर उचललाच का न्हाई?"

ती म्हणली, "उचलला त्या दोघांनी. तुमी आता बाज उचला आन् आत नेऊन टाका."