आहुप्याची माणसं माइकवर

मोठ्या मुलीच्या लग्नात माझ्या चुलत्याचा अपमान झाला. तो मी चार वर्षं विसरलो नाही.

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या लग्नांत अक्षता पडण्याआधी माइकवरून पाहुण्यांची नावं घेतात. ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं, स्टेजवर जायचं, टॉवेल-टोपी नारळ घ्यायचा, परत येऊन बसायचं. दोन मिनिटांचा मान असतो, पण तो चुकला तर माणसं जेवल्याशिवाय निघून जातात. त्या लग्नात माइक एका निवृत्त गुरुजींकडे होता. आमच्या पट्ट्यातली निम्मी लग्नं त्यांच्याच आवाजात लागतात. नवऱ्याकडची राजुरीची बागायतदार मंडळी त्यांनी एकेक करून घेतली, बापाच्या नावासकट, पदासकट. मग कागद उलटला आणि म्हणाले, "आणि डोंगरातून आलेल्या समस्त पाहुण्यांचं स्वागत."

माझा चुलता डोंगरातल्या आमच्या आहुप्याहून दोन एसट्या बदलून आला होता. आपलं नाव येणार म्हणून तो खुर्चीच्या कडेला सरकून बसला होता. 'समस्त' ऐकल्यावर तो पुन्हा मागं टेकला. मी ते बघितलं. त्याच माणसानं मला लहानपणी हाताला धरून मंचरला आणलं, हमालीला लावलं. पुढं नारायणगावच्या मार्केटात माझी स्वतःची टोमॅटोची शेड झाली, ती कुणाच्या शिफारशीवर झाली नाही. पण पहिलं पाऊल त्याच्यामुळं पडलं.

धाकट्या मुलीचं लग्न येडगावला ठरलं. बैठकीला गुरुजी होतेच, व्याह्यांच्या बाजूनं. घासाघीस माझा धंदा आहे. मी बाकी सगळं भराभर सोडलं. "व्याहीबुवा, कार्यालय तुमच्या पसंतीचं. बॅण्ड तुमचा. जिलेबी करायची का गुलाबजाम ते बी तुमीच ठरवा. फक्त आमच्या बाजूच्या नावांचा माइक माझ्या हातात."

व्याही हसले. त्यांना वाटलं, शेठ स्वस्तात सुटला. गुरुजी मात्र चष्मा पुसत म्हणाले, "यादी माझ्याकडे द्या ना. एवढी माणसं नीट घ्यायची म्हणजे क्रेट मोजण्यासारखं सोपं नाही, शेठ."

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. म्हणालो, "गुरुजी, मी यादीच आणनार न्हाई. सगळी नावं तोंडपाठ घेतो."

"किती?"

"डोंगरातनं येतील तेवढी."

बोलून गेलो. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "तुमाला सासरवाडीच्या चार माणसांची नावं धड येत न्हाईत."

दुसऱ्या रविवारी मी आहुप्याला जाऊन घरोघर फिरलो. तिथं गेल्यावर खरी अडचण कळली. आमच्याकडे नातवाला आजाचं नाव ठेवायची रीत. आडनावं मोजून तीन-चार. त्यामुळं एकाच देवाच्या नावाचे अकरा जण निघाले, त्यातल्या पाच जणांचं आडनावही एकच. नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, एवढं घेतलं तरच माणूस वेगळा पडतो. शिवाय एका ओट्यावर चुलती म्हणाली, "गड्यांचीच लिवतो व्हय? भात आमी लावायचा आन् मान यांनी घ्यायचा?" मी तिला नाव विचारलं. तिच्या हातचं जेवून मोठा झालो, पण तिचं खरं नाव मला त्या दिवशी कळलं. यादी शहाण्णवावर गेली.

रोज पहाटे पाठ करायचो, दुपारी मार्केटात सगळं सांडायचं. पंचविसाच्या पुढं गाडी जाईना. शेवटी धाकट्या मुलीनंच मार्ग काढला. ती नर्सिंग शिकलेली. म्हणाली, "पप्पा, शरीरातली हाडं आम्ही अशी पाठ करायचो. घरात शिरायचं, उंबऱ्यावर एक हाड ठेवायचं, चुलीवर एक, फ्रीजमध्ये एक. मग डोक्यात घरभर फिरायचं, दिसतील तशी सांगायची."

"शहाण्णव माणसं घरात कशी मावतील?"

"मग मोठी जागा घ्या. डोळे मिटून दिसेल अशी."

अशी जागा माझ्याकडे एकच होती. आहुप्याहून घोडेगावमार्गे मंचरला येणारा एसटीचा रस्ता. त्याचं वळण न् वळण मला पाठ आहे. मी देवराईपासून माणसं बसवायला सुरुवात केली. पहिल्या हिरड्याच्या झाडाला उलटा लटकलेला एक जण, कारण तो लहानपणी खरंच तिथून पडला होता. शाळेच्या पायरीवर एक म्हातारी, तिच्या मांडीवर मोर, कारण तिच्या नावात मोर येतो. एसटी वळते तिथं कंडक्टरच्या जागी माझा मावसभाऊ, तिकिटांऐवजी भाकरी वाटतोय.

मुलगी म्हणायची, "चित्र जेवढं येडं, तेवढं पक्कं बसतं."

ते अकरा जण मी एका रांगेत ठेवले नाहीत, रस्त्यावर लांब लांब पांगवले. प्रत्येकाला त्याची स्वतःची खोड दिली. एक ढोल वाजवतो, तर त्याला ढोलातच बसवला. एकानं मला लंगडी कोंबडी चांगली म्हणून विकली होती, त्याला कोंबडीवर स्वार केला. त्याच्या बापाचं आणि आजाचं नाव कोंबडीच्या दोन पंखांवर. दोघं भाऊ सारखे उलटसुलट व्हायचे. नंतर लक्षात आलं की मी दोघांनाही एकाच मोरीवर बसवलंय. धाकट्याला उचलून पुढच्या पुलावर नेला, भांडण मिटलं.

चुलत्याला मी शेवटी ठेवला, मंचरला. ज्या कट्ट्यावर त्यानं मला सोडलं होतं, त्याच कट्ट्यावर.

महिनाभर मी तो रस्ता रोज फिरलो. शेडमध्ये शेतकऱ्याशी भाव बोलताना मनात त्या रस्त्यावरचं शिनोली गाव ओलांडायचो. बायको भाकरी थापताना यादी समोर ठेवून तपासायची. शेवटच्या आठवड्यात तीच कंटाळली. म्हणाली, "आता चुका तरी करा, म्हंजी मला काम राहील."

लग्नाच्या दिवशी माइक हातात घेतला तेव्हा रिकामे हात वर करून दाखवले. तेवढी मिजास केलीच. मग देवराईतून निघालो. पहिलं नाव, बाप, आजा, गाव. माणूस उठला. दुसरं, तिसरं. विसाव्या नावाला मांडवातली कुजबुज थांबली. मोर घेऊन बसलेली म्हातारी स्टेजवर आली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतले पाहुणे मोबाइल वर धरून बसले.

साठ नावं झाली. मी डिंभ्याच्या धरणापाशी आलो होतो. तिथं माझा एक मेहुणा खांद्यावर बैल घेऊन पाण्यातून चालला होता, त्याचं नाव घेतलं आणि गुरुजींनी बाजूनं चिठ्ठी पुढं केली. "माजी सभापती आलेत. आधी त्यांचं घ्या, मग चालू द्या तुमचं."

मी माइक बाजूला धरून म्हणालो, "थांबू द्या त्यांना." पुन्हा समोर बघितलं तर रस्ता गेला होता. धरण नाही, बैल नाही, काही नाही. राग आला की माझ्या डोक्यात दुसरं काही राहत नाही, हे मला माहीत होतं, पण ऐन वेळी भोवलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "संपलं जनू शेठचं." पस्तीस माणसं अजून बाकी होती, आणि त्यात चुलता. मी थांबलो असतो तर तीही 'समस्त'मध्येच गेली असती, आणि या वेळी माझ्या तोंडून.

मी डोळे मिटले. नाव आठवायचा प्रयत्न सोडला. फक्त एसटीत बसलो, खिडकीशी, आणि आहुप्याहून पुन्हा निघालो. झाड, पायरी, कंडक्टर, ढोल, मोरी, पूल. घाईघाईत सगळे मागं टाकत पाण्यापर्यंत आलो. बैल दिसला. बैलाच्या पुढं भिंतीवर बसून दात घासणारा एक जण दिसला. मी त्याचं नाव घेतलं. तो मागच्या रांगेतून ओरडला, "हाय, हाय." लोक हसले, आणि मला मंचरपर्यंत मोकळा रस्ता मिळाला.

चुलत्याचं नाव मी सावकाश घेतलं. बाप, आजा, आणि पणजासुद्धा, तो फक्त त्याच्यासाठी शिकलो होतो. त्याला ऐकू कमी येतं. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा तो उठला. स्टेजवर येऊन टॉवेल-टोपी घेतली, नारळ हलवून बघितला आणि माइक चालू आहे हे न कळून मला म्हणाला, "आता त्या सभापतीचं घे बाबा. कवाचा उभा हाये बिचारा."

सगळा मांडव हसला, सभापतीही हसले. मी त्यांचं नाव घेतलं. सत्त्याण्णवावं. चिठ्ठी न उघडता.

जेवणाच्या वेळी गुरुजी माझ्या शेजारी येऊन बसले. "शेठ, युक्ती काय केलीत?"

मी जिलेबी वाढायला सांगितली. युक्ती सांगितली नाही. त्यानंतर दोन लग्नांत त्यांनी पुन्हा विचारलं. आता वय झालंय, कागदावरचं दिसत नाही म्हणाले. मला थोडी दया आली, नाही असं नाही. पण मी माझा भाव सांगून ठेवलाय. एकदा आहुप्याला या, एसटीनं. घरोघर जा, ओट्यावर बसा, प्रत्येकाला तोंडानं नाव विचारा. संध्याकाळी देवराईपाशी मी सगळं शिकवतो.

ते अजून आलेले नाहीत. मीही भाव उतरवलेला नाही.