तिनं लावलेली चाल

रविवारी पहाटे उठायचा आता कंटाळा येतो, आणि तरी मी उठतो. पाठीला कॅमेऱ्याची बॅग लावायची, स्कूटर काढायची, नगरातून पुणे रस्त्याला लागायचं आणि सुप्याजवळच्या माळावर जाऊन बसायचं. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात मात्र नगरच येतं. आठवड्याचे सहा दिवस मी याच रस्त्यानं कंपनीच्या बसमधून जातो. सातव्या दिवशी तरी माणसानं दुसरीकडे जावं, असं बायको बरेचदा म्हणते. तिचं बरोबर आहे. पण मला ओळखीचा माळ हा एवढाच आहे आणि नवी जागा शोधायची उमेद आता राहिलेली नाही.

माळावर बघायला फार काही नसतं. कुसळाचं गवत, चार बाभळी, लांब डोंगरावर पवनचक्क्या. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, गवतावरून खालून खालून घिरट्या घालतात. टिटव्या उगाच आरडाओरडा करतात. आणि चंडोल. हा पक्षी दिसायला अगदीच सामान्य, ढेकळाच्या रंगाचा, पण एखाद्या दगडावर बसून चोच उघडली की गळ्याची पिसं फुलतात आणि सबंध अंग थरथरतं. माझ्याकडे गाणाऱ्या चंडोलांचे शेकडो फोटो आहेत. गाणं फोटोत येत नाही. ते मी घरी कॉम्प्युटरवर फोटो चाळताना माझ्या मनानं वर घालतो.

गाण्याच्या बाबतीत मला ही सवय फार जुनी आहे. वडिलांचा रेडिओ सकाळी सहाला सुरू व्हायचा आणि आम्ही भावंडं शाळेला निघेपर्यंत त्यावर भजनं, अभंग, भावगीतं चालायची. ती सगळी माझ्या डोक्यात जशीच्या तशी आहेत. पुढे कंपनीत प्रेस शॉपला लागलो. तिथे पत्र्यावर डाय, म्हणजे पोलादी साचा, आपटते तेव्हा शेजारच्याचा आवाजही ऐकू येत नाही. मग मी डोक्यातला रेडिओ लावायचो. एका पाळीत तीन तीन मैफली ऐकून व्हायच्या. कंपनी कानात घालायला बोळे देते, पण जुने ऑपरेटर ते खिशातच ठेवतात. डाय कुठे खटकते आहे ते आवाजावरूनच कळतं, बोळे घातले तर काय कळणार, असं आम्ही सुपरवायझरला ऐकवायचो. तोही आमच्यातूनच वर गेलेला होता, त्यामुळे फार बोलायचा नाही.

यंदा पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली म्हणून कॅमेरा साफसफाईला दिला. तो परत आला आणि माझे पक्ष्यांशी संबंध बिघडले. तासभर पोटावर पडून राहावं, चंडोल दगडावर यावा, मी फोकस करावा आणि त्यानं उडून जावं. दर रविवारी हेच. माळावर हल्ली गाड्या वाढल्या, सुप्याच्या कारखान्यांचा धूर वाढला, पक्षी बुजरे झाले, असं मी घरी आल्यावर सांगायचो. मी दमलो होतो आणि दमलेल्या माणसाला दोष द्यायला जग पुरतं.

त्याच दिवसांत बायकोची दिवाळी पहाटेची तयारी चालली होती. आमच्या कॉलनीत बायकांचं भजनी मंडळ आहे. लग्नाआधी ती माहेरी पारनेरकडच्या गावात पेटीवर बसून गायची. लग्नानंतर पेटी आमच्याकडे आली आणि बरीच वर्षं पलंगाखाली राहिली. त्याला कोण जबाबदार हे विचारायचं धाडस मी कधी केलेलं नाही. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तिनं पेटी बाहेर काढली, भाते दुरुस्त करून आणले आणि मंडळात जायला लागली. यंदा तिला पहिल्यांदा एकटीनं एक अभंग म्हणायचा होता. आमच्या पिढीच्या सगळ्यांना तो एकाच चालीत पाठ आहे, रेडिओमुळे. तालमीला म्हणून ती संध्याकाळी आतल्या खोलीत बसायची. मी बाहेर कॉम्प्युटरवर.

एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कशी वाटते चाल?"

मी चंडोलाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावून कुठला ठेवावा ते बघत होतो. "छान," मी म्हणालो. "त्या जुन्या चालीला तोड नाही."

 ती आत गेली. त्या दिवशी पेटी परत वाजली नाही, हे मला आत्ता आठवतं, तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

दिवाळी पहाट कॉलनीच्या मैदानावर असते. साडेपाचला लोक अंघोळी करून, अत्तरं लावून येतात. बायकांच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या, पुरुषांच्या झब्ब्यांना घड्या पडलेल्या, आणि शेवटी फराळ असल्यानं गर्दीला तोटा नसतो. कॅमेरा असलेल्या माणसाला कॉलनीत कुठेच नुसतं प्रेक्षक होता येत नाही. बारशापासून सत्यनारायणापर्यंत सगळीकडे मला पुढे ढकलतात. त्या दिवशी मात्र मी आपण होऊन पुढे बसलो होतो.

ती पेटी घेऊन बसली. तबल्यावर राळेगणकडून दुधाचा टेम्पो घेऊन नगरात येणारा एक जण होता. पहाटे दूध घालतो, मग जिथे बोलावतील तिथे तबला वाजवतो, हात मोठा गोड आहे. तिनं सूर धरला, पहिली ओळ म्हटली आणि मी डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली घेतला. चाल वेगळी होती. स्पीकर माझ्यासमोरच होता, शंकेला जागा नव्हती. शब्द तेच, पण ओळ जिथे वर जायची तिथे ती खाली उतरवत होती आणि शेवटच्या शब्दावर थांबून मग हळूच वर घेत होती. ही चाल मी कधीच ऐकलेली नव्हती. ही तिनं लावली होती. अभंगाला स्वतःची चाल लावायला काय लागतं ते गाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्यांना ठाऊक असतं, आणि ती माझ्या घरात, माझ्यापासून बारा पावलांवर बसून दोन महिने हे करत होती.

मला फार आनंद झाला, हे खरं आहे. इतक्या दिवसांत कशाचाच तेवढा झाला नव्हता. मी गुडघ्यांवर पुढे सरकलो आणि फोटो काढत सुटलो. चेहरा, हात, पेटीवरची बोटं, पुन्हा चेहरा. फोकस करायचा, सोडायचा, पुन्हा करायचा. तिनं डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चाल ओळखलीस ना, असं विचारते आहे. मी मान डोलावली आणि तोही फोटो काढला. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माझ्या लांब लेन्सचं लोकांना कौतुक असतं, मी तिकडे लक्ष दिलं नाही. मधल्या कडव्यात एक लांबवायचा सूर होता. तिथे ती थांबली, खाकरली, पुन्हा उचलला, पुन्हा सोडला. शेवटचं कडवं न म्हणताच तिनं हात जोडले.

फराळाच्या वेळी तबलेवाला चिवड्याची बशी घेऊन माझ्याजवळ आला.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण कॅमेऱ्याचं ते टीट-टीट बंद व्हत न्हाई का? काकूंचा सूरच लागंना त्याच्यापायी."

"कसलं टीट-टीट?"

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यातूनच हातात घेतला आणि बटण अर्धं दाबलं. "ह्ये काय. आलं का?"

मला फोकस झाल्याचा हिरवा ठिपका दिसला. बाकी काही नाही.

त्यानं पुन्हा दाबलं, या वेळी माझ्या कानाजवळ. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि कॅमेरा हळूच सोडून दिला. "लई बारीक आवाज हाय तसा," तो म्हणाला. "पण सगळ्यांना येत हुता." साफसफाईत कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग नव्या कॅमेऱ्यासारख्या झाल्या असणार आणि मी बऱ्याच वर्षांपूर्वी बंद केलेला तो आवाज सुरू झाला असणार. चंडोल का उडत होते ते मला चिवडा खाता खाता कळलं. त्यांना मी दर रविवारी शिट्टी मारून हाकलत होतो.

घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती. साडीची घडी घालून कपाटात ठेवेपर्यंत मी थांबलो, आणि मग सगळं सांगितलं. ठिपका दिसतो, आवाज येत नाही, पक्षी उडतात. ती पलंगावर बसली. टीट-टीट हे मी मुद्दाम केलं असं तिला वाटलं नव्हतं, पण मला काही पडलेली नाही असं मात्र वाटलं होतं. आता तिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे तालमीतलंही तुम्हाला ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली.

हे तिनं विचारलं नव्हतं, माझ्या वतीनं उत्तरच देऊन टाकलं होतं. मला आयतं मिळालं. त्या संध्याकाळी मी तिच्या गाण्याकडे कान दिलाच नव्हता, फोटो बघत डोक्यातला रेडिओ लावून बसलो होतो, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. "कानामुळे गं," मी म्हणालो.

ती थोडी रडली. नंतरचे पंधरा दिवस माझ्यावर माया सांडत होती आणि ते दिवस मला फार जड गेले. बोलायच्या आधी ती माझ्या खांद्याला हात लावायची. समोर येऊन, तोंड दिसेल असं, मोठ्यानं आणि सावकाश बोलायची. टीव्हीचा आवाज न विचारता वाढवायची. बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "अगं, त्यांना ऐकूच येत नव्हतं बिचाऱ्यांना, आणि मी मनात धरून बसले होते." आतल्या खोलीतली पेटी तिनं बाहेर माझ्या खुर्चीशेजारी आणली. रोज ती चाल म्हणायची, शेवटच्या कडव्यासकट, आणि विचारायची, "आता येतंय का?" मी म्हणायचो, "थोडं थोडं." मला सगळं येत होतं. सूर कुठे टेकतो, कुठे उचलतो, कुठे ती श्वास चोरते, सगळं. इतकं सुंदर काही मी घरात ऐकलेलं नव्हतं आणि थोडं थोडं म्हणत बसलो होतो.

कान तपासायचं तिनंच ठरवलं. मी प्रेस शॉपची कारणं सांगत दोनदा टाळलं, तिसऱ्यांदा तिनं नंबर लावूनच ठेवला. नगरातल्याच एका दवाखान्यात एका काचेच्या खोलीत मला बसवलं, कानावर हेडफोन घातले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. आवाज बारीक होत गेले, मग येईनासे झाले. मध्ये बराच वेळ मी बटणावर अंगठा ठेवून नुसता बसलो होतो. काचेपलीकडे बायको माझी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि मी दाबायचा थांबलो की तिचा चेहरा पडत होता.

तपासणाऱ्या बाई तरुण आणि प्रेमळ होत्या. त्यांनी कागद टेबलावर आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला. "हे बघा काकू," त्या म्हणाल्या, "ही रेघ सरळ चालली आहे आणि इथे एकदम खाली पडते. मशीनवर काम करणाऱ्यांचं असंच होतं. काकांना फक्त हे उंच आवाज येत नाहीत. कॅमेऱ्याचा, पक्ष्यांचा, घड्याळाच्या गजराचा. गेलेलं परत येणार नाही, पण कानाच्या यंत्रानं बरंच भागेल. काळजी करू नका, बाकीचं उत्तम आहे."

"बाकीचं म्हणजे?" बायकोनं विचारलं.

"माणसाचं बोलणं. गर्दीत एखादा शब्द सुटेल तेवढंच."

"आणि गाणं?"

"गाण्याची चाल तर नक्की कळणार. अगदी आतल्या खोलीत कुणी म्हणत असलं तरी." बाईंना वाटलं त्या आम्हाला आनंदाची बातमी देत आहेत. मलाही उद्देशून त्या हसल्या. 

बायकोनं तो कागद उचलला, नीट चार घड्या घातल्या आणि पर्समध्ये ठेवला. बाईंचे आभार मानले, यंत्राबद्दल दोन प्रश्न विचारले, पुढची वेळ घेतली. जिना उतरताना तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाही. मी स्कूटर काढली, ती मागे बसली आणि आम्ही रस्त्याला लागलो. संध्याकाळची गर्दी होती, शेजारून ट्रक चालले होते, सगळीकडे हॉर्न वाजत होते. गेले पंधरा दिवस अशा वेळी ती माझ्या कानाशी येऊन ओरडून बोलायची.

"पुढे थांबा, भाजी घ्यायची आहे," ती मागून म्हणाली. नेहमीच्या, लग्न झाल्यापासूनच्या तिच्या हळू आवाजात, तोंड दुसरीकडे करून.

मी स्कूटर थांबवली.