काकाजींच्या ब्रेकला जवसाचं तेल

आमच्या शेजारच्या काकाजींना अख्ख्या वर्धा जिल्ह्यात फक्त एकाच गोष्टीनं थांबवलं, आणि ती म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गाडीचा ब्रेक. एरवी थांबवणं हे काम काकाजींचं. ते शाळेत पीटीचे मास्तर होते. नव्वदच्या सुमारास आमच्या भागात जो कोणी शाळेत गेला, तो त्यांच्या शिट्टीवर उठला, बसला आणि पळाला. ही शिट्टी त्यांच्या गळ्यातून आंघोळीलाही उतरत नसे. एकदा रस्त्यानं वरात चालली होती. बँडवाल्यांची पावलं जुळत नव्हती. काकाजींनी फाटकात उभं राहून शिट्टी फुंकली, तशी वरात जागच्या जागी थांबली, आणि घोड्यावरचा नवरदेव, त्यांचाच जुना विद्यार्थी, पाठ ताठ करून हात मांड्यांना चिकटवून बसला. "आता चला. डावा पाय आधी," काकाजी म्हणाले. वरात म्हणे मांडवापर्यंत तशीच डाव्या पायानं गेली.

निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना लांब उडी कशी मारू नये हे ते मुलांना दाखवायला गेले, आणि त्यांनी ते इतकं उत्तम दाखवलं की खुब्याचं हाड मोडलं. आमची ओळख तिथून. मी सावंगीला दवाखान्यात एक्स-रे काढायचो. मी "हलू नका" म्हटलं, ते हलले नाहीत. फोटो निघाला, मी दुसऱ्या पेशंटच्या तयारीला लागलो, तरी काकाजी तसेच. शेवटी म्हणाले, "विश्राम म्हणा ना. काऊन विसरले?" पुढं मला खोली मिळाली ती नेमकी त्यांच्या भिंतीला लागून. मी वडनेरचा, इथं एकटा, संध्याकाळी भात टाकायचा आणि रेडिओ ऐकायचा एवढाच संसार. त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मला ते एक्सरे म्हणत. "एक्सरे, जेवला का?" भिंतीपलीकडून असं विचारणारं त्या काळात दुसरं कोणी नव्हतं.

खुबा काही पूर्ववत झाला नाही. आधी हातानं फिरवायची तीनचाकी आली. काकू वारल्यावर नागपूरच्या लेकीनं, आम्ही तिला ताई म्हणत असू, त्यांना बॅटरीवर चालणारी तीनचाकी आणून दिली. हॉर्न होता, पण काकाजींनी तो कधी वाजवला नाही. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे बाजूला व्हा. एक लांब शिट्टी म्हणजे गाडी अडकली, या. ही लांब शिट्टी हळूहळू आमच्या वस्तीच्या दिनक्रमात बसली, नळ येण्याच्या वेळेसारखी.

गाडी अडकायची ती ब्रेकमुळे. त्या गाडीच्या मुठीत अशी सोय होती की ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद व्हायची. सोय उत्तम, पण काकाजींनी ब्रेक दाबला की मूठ परत फिरायचीच नाही. केबल आतल्या आत चिकटून बसे आणि गाडी जिथल्या तिथं खांब व्हायची. मग लांब शिट्टी. ज्याच्या दारासमोर ती वाजे, त्या घरातली माणसं धावत येत, गाडी ढकलत अंगणात घेत, कोणी मूठ हिसकून पाही, कोणी केबल ओढे, आणि तोवर आतून चहा येई. "सर, तुमी ब्रेक इतका काऊन दाबता?" असं एकानं विचारलं तर म्हणाले, "मी नाई दाबला बाप्पा. त्यानंच मले धरून ठेवलं."

इथं त्यांचा एक नियम सांगायला हवा. मास्तरानं बोलावल्याशिवाय विद्यार्थ्याच्या घरी जाऊ नये, चहाला तर नाहीच. वस्तीतलं घरटी एक माणूस त्यांचा विद्यार्थी, त्यामुळे जाण्यासारखं घर उरलंच नव्हतं. पण गाडी अडकली तर माणूस काय करणार? अशा रीतीनं ते कोणाच्या अंगणात नातवंडांच्या कवायती घेत, कोणाच्या सुनेला पाठदुखीचा व्यायाम सांगत आणि दिवेलागणीला घरी येत. एकदा हिंगणीहून पाहुणे आलेल्या घरासमोर गाडी अडकल्यामुळेच त्यांना पुरणपोळी मिळाली होती.

एकदा मात्र गाडी भर रस्त्यात अडकली, मागून ट्रक भोंगा वाजवतोय, आणि नेमकी ताई बसमधून उतरत होती. ती संध्याकाळी परत जाताना माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "भाऊ, दिवाळीले मी येतो. तोवर ब्रेक नीट झाला तर ठीक. नाई तर बाबाले नागपूरले घेऊन जातो." तिचं काही चुकत नव्हतं. पण तिचा फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर होता, लिफ्ट नव्हती. काकाजी त्या दिवशी पहिल्यांदा शिट्टी हातात घेऊन नुसते बसले होते. म्हणाले, "तिसऱ्या माळ्यावरून शिट्टी वाजवली तर कोण येईन, एक्सरे?"

मग मी पाना घेऊन बसलो. मला माणसांची हाडं बघायची सवय, यंत्राची नाही. दोनदा मूठ खोलली आणि दोनदा एक स्प्रिंग जास्तीची उरली. तिसऱ्या वेळी केबल तिच्या नळीतून ओढून काढली, तर तिच्यावर पिवळा चिकट थर, डिंकाचा लाडू मोडल्यावर बोटाला राहतो तसा.

"काकाजी, याच्यात तेल कोणतं टाकता?"

"जवसाचं. घाण्यावरचं आहे, शुद्ध."

"काऊन पण?"

"काऊन म्हणजे? शाळेतल्या सगळ्या बॅटी मी याच तेलावर पोसल्या. एक बॅट चिरली नाई कधी."

बॅटीला जवसाचं तेल लावतात ते खरंच. ते लाकडात मुरतं आणि वाळून घट्ट होतं, म्हणूनच लावतात. पण केबलमध्येही ते वाळून घट्ट व्हायचं, आणि मूठ जड झाली की काकाजी आणखी तेल पाजायचे. आमच्याकडे जवसाच्या तेलाची फोडणी होते, गुडघ्याला ते लागतं, दाराच्या बिजागरीलाही ते चालतं. ब्रेकला चालत नाही हे त्यांना सांगताना मला घरातल्या वडीलधाऱ्याची चहाडी केल्यासारखं वाटलं. त्यांनी केबल हातात घेतली आणि तो थर नखानं खरवडून पाहिला. "म्हणजे मीच खाऊ घालून घालून त्याले बसवलं," म्हणाले.

केबल रॉकेलमध्ये धुतली. नळी भिंतीच्या खिळ्याला टांगून वरच्या तोंडाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन बांधला, त्यात शिलाई मशीनचं तेल ओतलं आणि खालून थेंब पडेपर्यंत दोघं बसून राहिलो. मुठीचा स्क्रू काकाजींनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे सावधानमध्ये आवळला होता, तो जरा विश्रामात आणला. दिवाळीला ताईनं स्वतः मूठ दाबून पाहिली. सोडली की टक् करून जागेवर. ती खूश होऊन एकटीच नागपूरला गेली, आणि मी स्वतःवर इतका खूश होतो की त्या दिवशी भाताबरोबर वरणही केलं.

त्यानंतर लांब शिट्टी बंद झाली.

दोन आखूड शिट्ट्या देत काकाजी निघत, वस्तीला वळसा घालत, आणि उन्हं उतरायच्या आत परत येत. ज्या दारांसमोर ते अडकत, त्या दारांवरून गाडी आता सुरळीत निघून जाई. लोक आतून हात करत, "सर, गाडी मस्त झाली", आणि आपल्या कामाला लागत. थांबा असं कोणी म्हटलं नाही, कारण आजवर ते म्हणायची वेळच आली नव्हती. आणि आपणहून थांबणं काकाजींच्या नियमात नव्हतं. मी विचारलं, "गाडी काय म्हणते?" तर म्हणाले, "काई म्हणत नाई. आता तीही बोलत नाई." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. भिंतीपलीकडून लवकर कडी लागल्याचा आवाज येई आणि अलीकडे मी रेडिओ मोठा करी.

थंडीत एका रविवारी दुपारी लांब शिट्टी ऐकू आली. माझ्याच दारासमोर. मी बाहेर आलो. काकाजी गाडीत ताठ बसलेले, नजर समोर, आणि मूठ त्यांनी एवढी गच्च दाबून धरलेली की बोटं पांढरी पडली होती.

"अडकला," ते म्हणाले.

"मूठ सोडा, काकाजी."

त्यांनी सोडली. टक्. मूठ जागेवर गेली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. काकाजींनी मान खाली घातली. पोरांना मैदानात उभं करणारा तो माणूस चोरी करताना सापडलेल्या पोरासारखा बसला होता, आणि मला ते बघवेना.

"जड आहे थोडी," मी म्हणालो. "पुरी खोलावी लागन. टाइम लागन."

"लागू दे," काकाजी म्हणाले. मग म्हणाले, "चहा ठेव आधी."

तेव्हापासून दर रविवारी ती गाडी माझ्या दारात अडकत राहिली. मी स्वच्छ केबल काढायचो, पुसायचो, परत घालायचो. ते शाळेच्या, काकूंच्या, त्या लांब उडीच्या गोष्टी सांगायचे. कधी रस्त्यानं जाणारा एखादा जुना विद्यार्थी पाना बघून आत यायचा आणि तोही बसायचा.

काकाजी गेल्यावर ताई ती गाडी एका गरजू माणसाला द्यायला आली. अंगणात तिनं सवयीनं मूठ दाबली, सोडली, आणि हात तसाच मुठीवर ठेवून म्हणाली, "भाऊ, दिवाळीनंतर पुन्हा कधी अडकला होता का हा ब्रेक?"

"नाई ताई," मी म्हणालो. "एकदाही नाई."