मोठं न होणाऱ्यांचा चर

एर्मिलो शोलाल्पा अडुसष्ट वर्षांचा होता, पण भोवरा दिसला की त्याचे हात शिवशिवत. "याला नातवंडं झाली, मिशा पिकल्या, अक्कलदाढ तेवढी यायची राहिलीय," असं देल्फिना, म्हणजे त्याची बायको, सोचिमिल्को गावच्या अख्ख्या बाजाराला ऐकवायची.

कालव्यातल्या एका बेटावर त्यांचा मळा होता; त्याच्या कडेच्या चरात एर्मिलोनं आहोलोते नावाच्या पाणसरड्यांची एक जोडी पाळली होती. या प्राण्याची तऱ्हाच न्यारी. त्याचे भाऊबंद वयात आले की कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा मात्र मानेवर बाळपणीचे पिसांसारखे कल्ले मिरवत पाण्यातच राहतो, आणि तशातच बापही होतो. कालव्यातले मासे अंडी खातात, म्हणून एर्मिलोनं चराच्या तोंडाशी दगड-बोरूची गाळणी बसवली होती. दोन हिवाळे अंड्यांविना गेले. मादी म्हातारी होत चालली होती. यंदा नाही तर कधीच नाही.

एका सकाळी त्यानं रीतीप्रमाणे काठीच्या झोळीनं चरातला गाळ काढला, लेट्यूसच्या रोपांसाठी वाफ्यात पसरला. गाळाबरोबर आलेलं शेवाळ बांधावर फेकलं. आता ओला गाळ सुरीनं चौकोनी कापायचा आणि चौकोनागणिक एक बी टोचायचं, एवढंच बाकी होतं.

"म्हाताऱ्या, या शेवाळाला साबुदाणा कसला चिकटलाय रे?" देल्फिना ओरडली.

एर्मिलोनं शेवाळ उचलून डोळ्यांशी धरलं. "अंडी! अगं, दोन वर्षं वाट बघितली, आणि मीच उपसून उन्हात टाकली!"

"मग टिपं काय गाळतोस? चरातलं बादलीभर पाणी आण!"

दोघं बांधावर फतकल मारून ओल्या बोटांनी काडी न् काडी चाचपून सापडेल ते अंडं बादलीत सोडू लागली. उन्हं चढली.

"अरे, वाफा वाळतोय! मग सुरी चालायची नाही."

"वाळू दे."

वाफ्याला भेगा पडल्या. त्या खेपेची लेट्यूस गेली ती गेलीच. बादलीतली निम्मी अंडी चार दिवसांत पांढरी पडली. एर्मिलोनं ती वेचून काढली. उरलेल्यांतला काळा ठिपका रोज केसभर लांबत होता.

तिसऱ्या आठवड्यात देल्फिनानं बादलीत डोकावून आरोळी ठोकली. पापणीच्या केसाएवढं एक पोर कल्ले पसरून तरंगत होतं. मागोमाग दुसरं, मग तिसरं.

"बापावर गेलंय," एर्मिलो म्हणाला.

"अजून दिवसभराचंही नाही ते! मोठं झाल्यावर कळेल."

"ते कुठलं होतंय मोठं!" म्हणत एर्मिलोनं बाह्या सारल्या आणि पोरांना खायला पाण्यातले किडे गाळायला गेला.