फुगलेलं पुस्तक
तंबाखूचा उग्र वास आला, की मला निपाणीजवळचं आमचं घर आणि दहावीचं ते वर्ष आठवतं. मी जन्मापासून आंधळी. बेळगावला अंधशाळेत शिकत होते आणि परीक्षेआधीच्या सुट्टीत इतिहासाचं ब्रेल पुस्तक घरी आणलं होतं. सीमेच्या अलीकडं, कर्नाटकात, मराठी ब्रेल मिळणं मुश्कील, शाळेत ती एकच प्रत होती. घरी आल्या आल्या मी तापानं पडले. बरी झाल्यावर पुस्तक उघडून बोटं फिरवली, तर पानं गुळगुळीत. मध्येच एखादं टिंब लागायचं, पुढं काहीच नाही. "आई, ह्येच्यावर काय ठेवलं हुतंस?" "तंबाखूची पोती. लई फुगलं हुतं गं, सरळ व्हावं म्हणून." मी म्हणाले, "त्यो फुगवटाच वाचायचा असतोय, आई." ती शेजारी बसून आपली खरखरीत बोटं पानावरून फिरवत राहिली, आणि उठून सुई घेऊन आली. "टिंबं कुठं कुठं हुती सांग, मी परत काढती." मला रडू फुटलं. "ते मला ठावं असतं, तर पुस्तक कशाला लागलं असतं?" त्या वर्षी मी इतिहासात नापास झाले, आणि घरच्यांनी मला पुन्हा शाळेत धाडलं नाही. आता फोन मला हवं ते वाचून दाखवतो. आई मात्र अजून विचारल्याशिवाय माझ्या कुठल्याच वस्तूला हात लावत नाही.