दोन पायऱ्या गडद

आमच्या थोरल्या काकांनी आजवर जगातल्या एकाही वस्तूचा रंग बिनतक्रार मान्य केलेला नाही. आकाश निळं आहे असं कुणी म्हटलं, तर ते मान वर करतात, डोळे बारीक करतात, बराच वेळ बघतात आणि "सध्या असा," एवढंच म्हणतात. जणू संध्याकाळपर्यंत आकाशानं शब्द फिरवला तर जबाबदारी आपल्यावर नको. काकांची उभी हयात गिरणीच्या रंगखात्यात गेली. गिरणी बंद पडली, तिच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, आम्ही सगळे अंधेरीला आलो, पण रंगखातं काही काकांना सोडून गेलं नाही. त्यांच्या अंगठ्याच्या नखात अजून एक निळसर रेघ आहे. ती कुठल्या साली बसली आणि कुठल्या मालाची, हे ते विचारलं तरी सांगतात आणि नाही विचारलं तरी सांगतात.

लाल, पिवळा, हिरवा ही नावं काकांच्या लेखी रंगांची नव्हेतच, ती आडनावं. खरी नावं ते स्वतः ठेवतात. पेजेच्या निवळीचा पांढरा, उपासाच्या दिवशीचा पिवळा, नव्या सुनेच्या रुसव्याचा गुलाबी. एकदा डॉक्टरांनी त्यांना साधा प्रश्न विचारला, लघवी पिवळी होते का? काकांनी खुर्ची पुढे ओढली. बाहेर चौदा पेशंट ताटकळले होते आणि आत काका सकाळचा पिवळा, दुपारचा पिवळा आणि गोळी घेतल्यानंतरचा "केवड्यार गेलेलो" पिवळा यांतला फरक समजावत होते. शेवटी डॉक्टरांनीच आम्हाला हळूच विचारलं, "हे घरीही असंच बोलतात?"

घरी याहून जास्त. काकांचा नियम असा, की रंग बघायचा तो सकाळी दहाच्या सुमारास, उत्तरेच्या उजेडात. गिरणीत म्हणे त्यासाठी खास उत्तरेच्या काचा होत्या. आमच्या दोन खोल्यांत उत्तरेला एकच खिडकी आहे, आणि ती न्हाणीघरात. त्यामुळे आमच्या घरात आलेलं प्रत्येक कापड, पडद्यापासून लंगोटापर्यंत, आधी न्हाणीघरात जातं. माझ्या लग्नासाठी आईनं आधीच घेऊन ठेवलेला शालूसुद्धा काकांनी स्टुलावर उभं राहून, एका हातानं गीझर बाजूला सारल्यासारखं करत पास केला. दुकानातल्या ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नाही आणि मोबाइलवर तर मुळीच नाही. "फोटोत माणसा बरी दिसतत, रंग खोटे बोलतत," असं त्यांचं मत आहे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., तेही केमिस्ट्री घेऊन. ही गोष्ट मी कुणालाही दहा मिनिटांच्या आत सांगते आणि त्याची मला लाज वाटत नाही. आमच्या आधीच्या पिढ्यांनी सही करायलाच केवढा घाम गाळला होता! पदवीदानाच्या दिवशी मी भाड्यानं घेतलेला काळा गाऊन घालून घरी आले. आई रडली, बाबा रडले, शेजारीण पेढा तोंडात धरून रडली. काकांनी गाऊनची बाही दोन बोटांत धरून मला न्हाणीघरात नेलं. बाहेर येऊन म्हणाले, "गो चेडवा, ह्यो काळो नाय. ह्येच्यात जांभळो रवलो असा. कोणीतरी घायत काढलेलो." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते त्यांचं अभिनंदन.

काकांना जगात तोडीस तोड भेटलं ते एकच माणूस. वेसाव्याहून आमच्या गेटवर मासे घेऊन येणारी मावशी. बाकी सगळी बिल्डिंग माशाचे कल्ले उघडून लाल आहेत ना एवढं बघते. काका कल्ले उघडून भाषण करतात. "बाय, ह्यो लाल कालचो," ते म्हणायचे. मावशी पाटी अर्धी झाकून घ्यायची. "भाऊ, तुला मासा खायचा हाय का लुगडं शिवायचं?" "बोंबील बघ, पांढरो पडलो." "तू पांढरा पडलास! मेल्या, सकाळी सात वाजता समुद्रातशी आलाय तो!" यानंतर ती काकांच्या सात पिढ्यांना नावानिशी हाक मारायची. काका शांतपणे तेच बोंबील घ्यायचे. ही भांडणं इतकी वर्षं चालली की एखाद्या दिवशी ती झाली नाहीत तर वरच्या मजल्यावरच्या बायका खाली वाकून विचारायच्या, "आज बरं नाही का कुणाला?"

मागच्याच्या मागच्या दिवाळीनंतर मावशीचे यजमान गेले. त्यांची बोट होती, बंदरात सगळ्यांना माहीत असलेली, कारण तिचा निळा दुसऱ्या कुणाचाच नव्हता. दर पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की ते दोन-तीन डबे आणायचे, आपल्या अंदाजानं एकात एक ओतायचे आणि तो निळा करायचे. किती कशात, हे त्यांनी कधी लिहिलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. तो हंगाम मुलानं बोट चालवून पार पाडला. ज्येष्ठात ती वर ओढली, फळ्या बदलायच्या म्हणून जुना रंग खरवडून काढला, अर्धा आषाढ सुतारकामात गेला, आणि मग लक्षात आलं, की निळ्याची कृती धन्याबरोबरच गेली. मुलगा म्हणाला, "आये, नारिंगी मारू. झकास दिसेल, लांबून ओळखू येईल." मावशी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या गेटवर आली, ती पाटीशिवाय. मासेमारी बंदच होती. कमरेची डबी उघडून तिनं काकांच्या तळहातावर नखाएवढा एक पापुद्रा ठेवला. खरवडताना खाली पडलेला, तिनं उचलून ठेवलेला, तो निळा.

"भाऊ, मना योच पायजे. नारली पुनवेच्या आत. नायतर बोट तशीच उघडी राहील, पण नारिंगी मी लावू देणार नय."

काकांनी पापुद्रा उजेडाकडे धरला. नाव ठेवलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या दहा वाजता बघतंय."

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या गॅलरीत कुणी कपडे वाळत घातले नाहीत. श्रीखंडाचे रिकामे डबे, आईस्क्रीमच्या काड्या, आईचे दोन चांगले चमचे, सगळं रंगखात्यात जमा झालं. काका निळ्यात हिरवा सोडत, हिरव्यात पांढरा, पांढऱ्यात थेंबभर काळा, आणि न्हाणीघरात जाऊन येत. बाबांना तेवढ्या दिवसांत दोनदा अंघोळीशिवाय कामावर जावं लागलं. "थोडो जागो झालो," काका रंगाबद्दल सांगत. "थोडो झोपलो." "आता रागावलो." शेवटी एका सकाळी ते न्हाणीघरातून घाईघाईनं बाहेर आले. डब्यातला रंग आणि पापुद्रा, दोन्ही मला दाखवले. हुबेहूब! मी टाळीच वाजवली. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि डब्यात आणखी निळा ओतला.

"अहो काका! जमला होता ना!"

"ओलो जमलो. सुकलो काय दोन पायरे उतरतलो. म्हनान दोन पायरे गडद."

आता हे मला थांबवायला हवं होतं. कापड ओलं असताना गडद दिसतं आणि सुकलं की फिकं होतं, हे खरं. पण ऑइलपेंट म्हणजे कापड नव्हे. त्याला हौदातून काढून तारेवर टाकत नाहीत. तो सुकताना असा उतरत नाही. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात रोज नमुने तपासते, एवढं मला कळतं. मी तसं म्हटलंही. काकांनी विचारलं, "तुझी डिग्री केवढ्या भांड्यात झाली?" मी म्हणाले, टेस्टट्यूबमध्ये. "माझी हौदात," ते म्हणाले, आणि विषय मिटला. तरी मी हट्टानं एका फळीवर रंग लावून ठेवला. पण श्रावणातली हवा, तीन दिवस रिपरिप. फळी काही सुकेना, बोट लावलं की चिकटायचं. काका येऊन बघत आणि समाधानानं मान हलवत. "बघ. अजून ओलो असा म्हनान गडद असा." चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि पौर्णिमेला जेमतेम चार दिवस उरले होते. मावशीच्या मुलानं त्या दिवशीच काकांच्या मापानं डबे कालवून बोटीवर रंगाचा हात फिरवून घेतला. मी गप्प बसले. पदवी असून गप्प बसले, हे अजून मला टोचतं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही बंदरावर गेलो. बोटींवर झेंडूच्या माळा चढत होत्या, पताका लागत होत्या, लाउडस्पीकर लावायच्या आधीच कुणीतरी नाचत होतं. आणि मधोमध मावशीची बोट उभी होती. खणखणीत सुकलेली. दोन पायऱ्या गडद. शाईची दौत उलटी करून ठेवावी तशी.

काकांनी पुढे जाऊन फळीवर तळहात ठेवला. कोरडा. अंगठा घासला. कोरडाच. त्यांनी मागे वळून मावशीकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता सात पिढ्या निघणार. निघायला हव्या होत्या. मावशी पदर सारखा करत म्हणाली, "बरा हाय, भाऊ. मेहनत घेतली तुम्ही."

तुम्ही! आयुष्यभर जी बाई बोंबलाच्या रंगावरून 'मेल्या' म्हणत आली, तिनं 'तुम्ही' म्हटलं. येताना रिक्षा सिग्नलला थांबली, समोर लाल दिवा होता, काकांनी त्यालासुद्धा नाव ठेवलं नाही.

त्यानंतर आमच्या घराला जी शांतता आली, ती कुणालाच आवडली नाही. आईनं नवीन चादर आणली. काका म्हणाले, "बरी असा." बाबांनी घाबरून त्यांचा ताप पाहिला. न्हाणीघर चोवीस तास मोकळं असायचं आणि अंघोळीला जायला कुणाला घाई वाटायची नाही. मावशी गेटवर यायची, पण काका खाली उतरत नसत. आम्हीच गुपचूप पापलेट घेऊन वर यायचो. कल्ले कोण बघणार? मी एकदा समजूत घालायला गेले, की पुन्हा करू, पुढच्या पावसाळ्यात फिका करू. काका नखातल्या रेघेकडे बघत म्हणाले, "चेडवा, तिच्या घोवाचो रंग होतो. माझ्या हातान गेलो."

मग शिमगा आला. होळीच्या दोन दिवस आधी, सकाळी साडेनऊला गेटवरून अशी हाक आली की चौथ्या मजल्यावरची कबुतरं उडाली. "ओ भाऊ! मेल्या, खाली उतर! तुझा रंग बघायला ये, नायतर पाटी घेऊन वर येतंय!" काकांच्या चेहऱ्यावर सात महिन्यांनी रंग आला. 'मेल्या' ऐकून कुणाला एवढा आनंद झालेला मी पाहिलेला नाही.

मावशीनं आम्हाला दोघांना रिक्षात कोंबलं. वाटेत काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं, दहा वाजायच्या आत पोचू ना म्हणून. बंदरात बोटी सणासाठी परतलेल्या, एकीला एक लागून. त्यांतली आपली कुठली हे मला ओळखूच येईना. मी शाईची बोट शोधत होते. मावशीनं हात धरून काकांना एका बोटीच्या अंगाशी नेलं. सारा हंगाम खारं पाणी तिला चाटत होतं, ऊन भाजत होतं, जाळ्यांचे दोर घासत होते. तिनं कमरेची डबी काढली, तो नखाएवढा पापुद्रा बोटाच्या टोकावर घेतला, आणि फळीवर चिकटवून बोट बाजूला केलं.

पापुद्रा दिसेना. मी वाकून शोधला, काकांनी चष्मा पुसून शोधला. तो तिथंच होता, पण फळीत मिसळून गेला होता.

"धनी पण पुनवेला असाच गडद लावायचे," मावशी म्हणाली. "मी विसरले ना. माझ्या डोळ्यांत त्यांचा शिमग्याचा रंग बसलेला. अन यो पापुद्रा तरी कवाचा? हंगाम संपल्यावर खरवडलेला." मग काकांच्या पाठीत एक गुद्दा घातला. "अन तू बसलास तोंड लपवून! मासा कोण बघल माझा?"

ऊन आणि खारं पाणी रंगाचं काय करतं, हे मला व्यवस्थित सांगता आलं असतं. तेवढं शिकलेय मी. पण तिथं माझं काम नव्हतं. मी मोबाइल काढला, आणि काकांनी तो न बघताच हातानं खाली केला.

"पुढच्या पावसाल्यात परत तूच करायचा," मावशी म्हणाली. "दोन पायऱ्या गडद. इसरायचा नय."

"पुढचो पावस कोणी बघलो हा, बाय," काका म्हणाले. "ह्या चेडवाक शिकवतंय. डिग्री असा तिका." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, पण मला त्या गाऊनच्या दिवशीसारखा डोक्यावर हात जाणवला.

दहा वाजले असावेत. काका बोटीच्या उत्तरेच्या बाजूला जाऊन उभे राहिले. डोळे बारीक केले. मी आणि मावशी वाट बघत होतो, आता काहीतरी निघणार, जांभळो रवलो, हिरवो झोपलो, काहीतरी. ज्येष्ठात ही बोट पुन्हा वर ओढली जाईल, पुन्हा खरवडली जाईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी फळीवरून हात फिरवला, जसा एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

"सध्या असा," ते म्हणाले.